चार्टवरचा २० आणि पेशंटचे २८

एका मुलीनं विचारलंय: "मी नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा केलाय, सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डला दोन वर्षं झाली. इव्हनिंगला तीस पेशंट आणि आम्ही दोघी. सगळं काम होतच नाही, पण राउंडच्या आधी चार्ट मात्र पूर्ण लागतो. मॅडम, काय सोडलं तर चालतं? आणि जे राहतं त्यात चूक माझीच धरायची का? ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, बदली मागावी असं मनात आहे."

पोरी, तुझा प्रश्न वाचला आणि मला माझाच एक चार्ट आठवला. तो आधी सांगते, मग तुझ्याकडे येते.

वीसएक वर्षं झाली असतील. अशोक चौकाच्या बाजूचे एक यंत्रमाग कामगार, वय अठ्ठावन्न. मोठ्या आतड्याची गाठ काढून आतडं जोडलेलं. ऑपरेशनचा चौथा दिवस. इव्हनिंगची मुलगी आली नाही म्हणून सकाळची मीच पुढं थांबले होते. सहाच्या सुमारास त्यांची बायको टेबलापाशी आली. घरात तेलुगू बोलणारी, मराठी कामापुरतं. म्हणाली, "सिस्टर, ह्यांना बोलताना मधीच थांबावं लागायलंय. सकाळधरनं असंच करायलेत." दुपारी एकदा तिनं हेच सांगितलं होतं. मी "बघते" म्हणाले होते आणि बघायचं राहून गेलं होतं.

गेले. पेशंट गप पडलेला. पोट हाताला मऊ, ताप नावापुरता. घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट छाती बघत बसले. अठ्ठावीस. नाडी ११६, बीपी ११०/७०. मग चार्ट उघडला. श्वासाच्या रकान्यात रात्री २०, सकाळी २०, दुपारी २०. सकाळचा आणि दुपारचा २० माझ्याच अक्षरातला होता.

मोजलाच नव्हता मी. थर्मामीटर लावला, मनगट धरलं, नाडी शंभरच्या वर लागली तर ती दुखण्याची म्हणून सोडून दिली, आणि श्वासाच्या रकान्यात हातानं आपोआप २० लिहिलं. ट्रेनिंगपासून असंच चाललेलं. त्या रात्री पेशंट पुन्हा टेबलावर गेला. आतड्याची जोड गळत होती. वाचले ते, पाच आठवड्यांनी पोटाला पिशवी लावून घरी गेले. मागावर उभं राहणं पुढं जमलं नाही, हे बायको फॉलोअपला आली तेव्हा कळलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. चार्ट पूर्ण होता ना.

आज ते आकडे न्यूज-२ या, पेशंट बिघडतोय का ते गुणांवरून सांगणाऱ्या पद्धतीत घालून बघ. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली ही गुणांची पद्धत काढली, २०१७ साली सुधारली. श्वास २५ किंवा वर गेला की एकट्याचेच ३ गुण. नाडी १११ ते १३० मध्ये, २ गुण. वरचं बीपी १०१ ते ११०, १ गुण. झाले सहा. पाचाला डॉक्टरनं तातडीनं येऊन बघायचं असतं. आणि चार्टवरच्या २० ला गुण किती? शून्य. म्हणजे त्या एका खोट्या आकड्यानं सहाचे तीन केले आणि तीनला कुणी धावत नाही.

पोटात जोड गळायला लागली की पोट कडक व्हायच्या, ताप चढायच्या आधी श्वास आणि नाडी बोलायला लागतात. बीपी सगळ्यात शेवटी पडतं. शरीर ते शेवटपर्यंत ओढून धरतं. आपण नेमकं उलट करतो. बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त होतो आणि श्वास, ज्याला ना मशीन लागतं ना पैसा, तो अंदाजानं लिहितो. कुठल्याही सर्जिकल वॉर्डातल्या दहा फायली उघड. दहांत वीसच सापडेल, फार तर कुणी हौसेनं अठरा लिहिलेलं असेल.

आता तुझा दुसरा प्रश्न, चूक कुणाची.

तुला जे रोज होतंय त्याला नाव आहे. अमेरिकेतल्या बिआट्रिस कॅलिश या नर्सिंगच्या प्राध्यापक. २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी त्यांनी वॉर्डातल्या नर्सेसना गटागटानं बसवून विचारलं, तुमच्याकडून नेमाने काय राहतं? नऊ गोष्टी निघाल्या. पेशंटला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, घरी जायची तयारी करून देणं, धीर देणं, अंगाची-तोंडाची स्वच्छता, इनटेक-आउटपुट (अंगात किती पाणी गेलं, बाहेर किती आलं) लिहिणं आणि नजर ठेवणं. कारणं सात निघाली. माणसं कमी हे तर होतंच, पण त्यात "हे माझं काम नाही", सवय आणि नाकारणं हीसुद्धा होती. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, ही बाई आपल्या वॉर्डात येऊन गेली की काय!

माणसं कमी असली की काय होतं याचे आकडेही आहेत. युरोपातल्या नऊ देशांतल्या तीनशे हॉस्पिटलांत ऑपरेशन झालेल्या पेशंटचा अभ्यास २०१४ साली लॅन्सेटमध्ये आला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मरण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१८ मध्ये त्याच नऊ देशांच्या माहितीवरून आणखी एक निघालं: राहिलेलं काम १० टक्क्यांनी वाढलं तर मरण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त. म्हणजे नर्स कमी असणं आणि पेशंट दगावणं यांच्या मधला दुवा हे राहिलेलं काम आहे. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण विद्यार्थी शिकतात अशा हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स आणि इतर ठिकाणी पाचामागे एक असं आहे. तुझ्याकडे पंधरामागे एक. तेव्हा सगळं काम होत नाही यात तुझी चूक नाही. ते होणारच नाही. पंधरा पेशंटचं पूर्ण काम एका पाळीत केलं असं कुणी सांगितलं तर मी तिचे चार्ट आधी तपासेन.

पण न केलेलं केलं म्हणून लिहिलं, ती चूक मात्र आपली. माझे ते दोन २० माझेच होते, मेट्रनचे नव्हते की मालकाचे नव्हते. मोजला नसेल तर रकाना मोकळा सोड. खाली लिही, "श्वास मोजला नाही, वॉर्डात दोन नवीन अ‍ॅडमिशन", वेळ टाक, सही कर. नाइटची मुलगी मोकळा रकाना बघून आधी त्या पेशंटकडे जाईल. २० बघून जाणार नाही. आणि उद्या चौकशी लागलीच, तर मोकळ्या रकान्याचं कारण सांगता येतं. खोट्या आकड्याचं काय सांगणार?

इन्चार्ज ओरडेल, हे मला माहीत आहे. मी स्वतः इन्चार्ज होते, ओरडायची. त्यावर नंतर सांगते.

आता काय सोडायचं. वॉर्डात जे ओरडतं ते होतं. सलाइन संपली की नातेवाईक ओरडतात, मॉनिटर वाजतो, डॉक्टर हाक मारतात, बिलिंगवाल्यांचा फोन येतो. श्वास ओरडत नाही. पेशंटला उठवून चालवलं नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही. म्हणून न ओरडणारं आधी धर. मी पुढं पुढं असं करायची: ओव्हर घेतानाच, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट ताब्यात घेतानाच, तीन-चार पेशंट मनात वेगळे काढायची. ओटीतून नुकता आलेला, आतडं जोडलेला, म्हातारा, आणि ज्याच्याबद्दल नातेवाईक "आज काहीतरी वेगळं वाटतंय" म्हणतात तो. हा चौथा कधीच सोडायचा नाही. ती बाई डॉक्टर नव्हती, पण नवरा बोलताना मध्येच थांबतो हे तिला माझ्या आठ तास आधी दिसलं होतं. या तिघाचौघांचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा, ड्रेनमधून, म्हणजे पोटातल्या नळीतून, येणाऱ्या पाण्याचा रंग डोळ्यांनी बघायचा, लघवी मोजायची. ओटीतून आलेल्याला पहिला तास दर पंधरा मिनिटांनी बघायचंच. बाकीच्यांचं जमेल तसं.

सोड काय, तर चादरीचे कोपरे. खरं सांगते. सोलापूरच्या वॉर्डात चादर सोलापुरी आणि राउंडच्या आधी तिचे कोपरे सुरीसारखे टोकदार. पण त्याच चादरीखाली पेशंटच्या पायाला तीन दिवसांत जमीन लागलेली नसते. कोपरे, रजिस्टरची दुसरी प्रत, ट्रॉली चमकवणं हे नाइटला ढकललं तरी कुणी मरत नाही. तोंडाची स्वच्छता मात्र यात धरू नकोस. ते काम सगळ्यांना किरकोळ वाटतं, पण घाण तोंडातलं छातीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. मिशरी आणि तंबाखूची सवय असलेले पेशंट आपल्याकडे किती आहेत ते तुला सांगायला नको.

चालवणं आणि श्वासाचा व्यायाम ही दोन कामं तुला एकटीला जमणार नाहीत. ती नातेवाइकांना शिकव. ते तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर बघ. बिलात लागतं, लॉकरवर येतं आणि डिस्चार्जपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीतच राहतं. मी एकदा एका लॉकरवर शेंगाचटणीच्या पुडीशेजारी असं कोरं करकरीत बघितलं, पाचव्या दिवशी. पेशंटच्या मुलाला विचारलं, हे काय आहे? म्हणाला, "काय की, लहान पोराचं खेळणं आहे वाटतं." कुणी सांगितलंच नव्हतं. दोन मिनिटं लागतात: पिशवी फाड, पेशंटला बसव, जखमेवर उशी दाबून धरायला लाव, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. फुंकायचं नाही, सगळे फुंकतातच. जागा असेपर्यंत दर तासाला दहा वेळा, आणि मोजायला नातवाला बसव. नातवासारखा कडक सुपरवायझर दुसरा नाही.

पण नातेवाइकांवर किती टाकायचं याला हद्द आहे. चालवणं, कूस वळवताना हात देणं, चूळ भरायला देणं, सांगितल्यावर भरवणं इथपर्यंत. ड्रेन रिकामा करणं, सलाइनचा वेग, आणि तोंडानं पहिलं पाणी कधी द्यायचं हे त्यांचं काम नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की शहाळं घेऊन येणारा कुणीतरी भाऊ असतोच. त्याला दारात अडवायला वेळ नसेल तर खाटेला पाटी लाव.

भाषा हेही एक राहणारं काम आहे आणि त्याला कुणी काम समजत नाही. आपल्याकडे पूर्व भागातला पेशंट तेलुगू, अक्कलकोटकडचा आणि इंडी-अफझलपूरचा कानडी. "दुखतंय का?" विचारलं तर दोघंही भीतीनं मान हलवतात, कधी हो म्हणून, कधी नाही म्हणून. दोन शब्द शिकून घे: तेलुगूत दुखण्याला नोप्पी, कानडीत नोवु. नोप्पी कुठं म्हटलं की माणूस बोट ठेवून दाखवतो. डिस्चार्जच्या सूचना तर त्यांच्या भाषेत कुणाकडून तरी वदवून घेच, कारण ऑपरेशनच्या जखमेतला संसर्ग तीस दिवसांपर्यंत डोकं वर काढू शकतो आणि तोवर पेशंट गावी जाऊन जखमेवर हळद लावून बसलेला असतो.

इनटेक-आउटपुटबद्दल थोडं. मावशी लघवीची पिशवी रिकामी करते, मोजत नाही. आपण अंदाजे ५०० लिहितो. पुन्हा त्याच २० चं भावंड. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली लघवी व्हायला पाहिजे, किलोला अर्धा मिली. चार तासांत शंभरही झाली नसेल तर ते डॉक्टरला तेव्हाच कळायला हवं, सकाळी राउंडला नव्हे. मी मावशींना मापाचा जग दिला आणि पिशवीच्या हुकाला एक पुठ्ठा बांधला, वर पेन लटकवलं. आमच्या एका मावशींना लिहिता येत नव्हतं; त्या शंभराला एक अशा रेघा ओढायच्या. त्यांच्या रेघा आमच्या आकड्यांपेक्षा खऱ्या होत्या.

फोन कसा करायचा हेही शिकून घे, कारण श्वास मोजला आणि सांगता आला नाही तर मोजून उपयोग काय? "सर, सहा नंबरचा पेशंट बरा वाटत नाही" यावर रेसिडेंट डॉक्टर म्हणणार, "बीपी किती? बरं आहे ना, मग बघतो." असं सांग: "सर, सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. सहा नंबर, आतडं जोडून चौथा दिवस. श्वास अठ्ठावीस, मी स्वतः पूर्ण मिनिट मोजलाय. नाडी ११६, सकाळी १०२ होती. पोट मऊ आहे, पण मला जोड गळत असल्याची शंका येतेय. तुम्ही येऊन बघा, किती वेळात येताय?" शेवटचा प्रश्न विचारायचाच आणि उत्तर वेळेसकट केस पेपरवर लिहायचं. नाही आले तर त्यांच्या वरच्यांना फोन. पहिल्या वेळी हात थरथरतो. माझाही थरथरला होता.

आता इन्चार्जचं. त्या चार्टनंतर मी पुढं इन्चार्ज झाले तेव्हा वॉर्डात एक साधी दोनशेपानी वही ठेवली. "राहिलेलं" असं वर लिहिलं. नाव कुणी घालायचं नाही. फक्त वेळ, काय राहिलं आणि का. पहिला आठवडा कोरा गेला, पोरींना वाटलं मी पकडायला बसलेय. मग मी स्वतः पहिली नोंद केली: "दुपारी बारा, चार नंबरची कूस बदलली नाही, मीटिंगला गेले होते." त्यानंतर वही भरायला लागली. महिन्यानं बघितलं तर निम्म्याहून जास्त नोंदी संध्याकाळी सहा ते आठमधल्या. तेव्हाच भेटायची वेळ, तेव्हाच ओटीतले पेशंट परत यायचे, तेव्हाच आमची औषधांच्या इंडेंटची, म्हणजे मागणीपत्राची, वेळ. इंडेंट सकाळी नेलं, फार्मसीवाले आठवडाभर कुरकुरले. भेटायला एका वेळी एकच माणूस. आणि वही घेऊन मेट्रनकडे गेले. "पोरी कामचुकार आहेत" आणि "पोरी कमी आहेत" या दोन्ही वाक्यांना मेट्रन सरावलेल्या असतात. तारीख-वार लिहिलेल्या नोंदींना नसतात. इव्हनिंगला एक जादा मुलगी मिळाली, तीही अर्ध्याच पाळीला. त्याच्या वर काही मिळालं नाही, हेही सांगून ठेवते.

तुझी इन्चार्ज वहीला तयार होईल असं नाही. मग तू आणि तुझी जोडीदारीण दोघींची वही करा. ओव्हर देताना काय झालं ते कमी आणि काय राहिलं ते आधी सांगायची सवय लावा: "बारा नंबर दोनदाच चालला, सात नंबरचा श्वास सहानंतर मोजलेला नाही, वीस नंबरचं कॅथेटर आज काढायचं होतं, विचारायचं राहिलं." कॅथेटरचं तर रोज विचार, कारण ते एक दिवस जादा राहिलं की संसर्गाची शक्यता वाढतच जाते आणि काढायची आठवण कुणालाच होत नाही.

राहिली ओटी. तिथं तुला एका वेळी एकच पेशंट मिळेल, हे खरं. पण तिथंही काम राहतं आणि तिथं ते पोटात राहतं. डब्ल्यूएचओची सर्जिकल चेकलिस्ट २००८ साली आली. २००९ च्या अभ्यासात आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत, त्यात आपली दिल्लीही होती, ती वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. कागद तोच. पण मी अशा ओटी बघितल्यात जिथं पेशंट आत यायच्या आधीच चेकलिस्टच्या तिन्ही भागांवर टिकमार्क झालेले असतात. म्हणजे पुन्हा वीसच.

मी ओटीत चार वर्षं काढली. एकदा पोट बंद करायच्या वेळी माझा एक मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, कमी भरत होता. सर्जन मोठे, बाहेर पुढची केस थांबलेली. म्हणाले, "सिस्टर, तुमची मोजणी चुकली असेल." मी म्हटलं, "चुकली असेल सर, पण मला परत मोजू द्या." तीन मिनिटं सगळे हात थांबवून उभे. मॉप टेबलाखालच्या बकेटच्या मागं पडलेला सापडला. सर काही बोलले नाहीत, फक्त सुई-धागा मागितला. एवढं बोलायचा धीर मला वॉर्डानं दिला होता, त्या चार्टनंतर. तेव्हा बदली माग, पण आणखी सहा महिने वॉर्ड कर. तोवर रोज निदान चार पेशंटचा श्वास घड्याळ धरून मोज, आणि महिन्यानं मला कळव की त्यातले नेमके वीस किती निघाले.